हिरव्या फितीचं झाड

माझा भाऊ चोर नव्हता.

हे आजच लिहायला हवं. उद्या दफनविधीच्या वेळी कोणीतरी तो किस्सा हसत हसत सांगेल, आणि मग मला तोंड उघडता येणार नाही.

दादा आज सकाळी गेला. गोंदियाजवळ कुडव्याच्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्या. अर्धा चहा कपात तसाच.

ब्याण्णव वर्षांचा माणूस गेला तर धक्का कसला, असं दोघांनी मला फोनवर ऐकवलं. मला बसला आहे. काल संध्याकाळीच नाताळच्या केकमध्ये मनुका किती घालायच्या यावरून तो माझ्याशी वीस मिनिटं भांडला. भांडण अर्धवट राहिलं आहे.

घरातली सगळी मुलं त्याला झाडचोर म्हणायची. तोही हसायचा.

गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीच्या शेवटच्या नाताळची. दादा तेरा वर्षांचा, मी आठ. बाबा रेल्वेत गार्ड होते. गोंदियात स्टेशनमागे आमचं क्वार्टर.

रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे साहेबांच्या क्लबात, त्यांच्या मुलांसाठी क्रिसमस ट्री लागायचा. सुरूचं झाड आणि त्यावर कापसाचा बर्फ. आम्ही तो खिडकीतून बघायचो. आत जायची परवानगी नव्हती.

त्या वर्षी बाबांनी जाहीर केलं की आता त्यांची मुलं खिडकीत उभी राहणार नाहीत. घरात झाड लागेल. सुरूचंच, आणि बर्फासकट. कापूस तर त्यांनी आधीच आणून ठेवला.

आजी गोरेगावकडच्या खेड्यातली. तिचं म्हणणं, लग्नाच्या मांडवाला मोहाची फांदी लागते, तर बाळ येशूलाही तीच लागणार. आणि वर बांधायच्या त्या धानाच्या लोंब्या. बर्फ गोंदियात पाहिला कोणी?

"आन सुरू त कबरस्तानात राहते," ती बाबांना म्हणाली. "मेलेल्यायचा झाड घरात कायले आणून राहिला तू?"

तीन दिवस हेच. बाबा तिला अडाणी म्हणाले. ती त्यांना काळा साहेब म्हणाली.

आईला कोणी विचारलं नाही.

ती एकदाच बोलली, की झाडच नको. तीन वर्षांपूर्वी आमची धाकटी बहीण रूथ तापाने गेली होती. दोन वर्षांची. तेव्हापासून आई दर रविवारी चर्चनंतर एकटीच कबरस्तानात जायची. आम्हा मुलांना कधी नेत नसे.

दादाने त्या सगळ्या भांडणातून एकच गोष्ट उचलली. सुरू कुठे मिळतो ती.

नाताळच्या आदल्या दुपारी तो कोयता घेऊन निघाला, आणि झाड घेऊन आला.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

मी त्याच्याबरोबर होते, हे कोणाला माहीत नाही.

कबरस्तानाच्या भिंतीलगत सुरूची चार-पाच झाडं होती. दादाने कडेचं एक वाकडं झाड धरलं. हे कापलं तर कोणाच्या लक्षात येणार नाही, म्हणाला. मला ते नको होतं. मधे एक वेगळंच उभं होतं, माझ्याहून हातभर उंच, अगदी सुबक. त्याच्या खोडाला हिरवी फीत बांधलेली.

मला वाटलं, हे आधीच सजवलेलं आहे.

"हेच," मी म्हटलं.

तो नको म्हणाला. मी रडले. त्याने कापलं.

झाडाखाली ना उंचवटा होता, ना क्रूस. माती पावसात बसली होती. लाकडी क्रूस वाळवीने केव्हाच खाऊन संपवला होता.

दादा झाड घेऊन पुढे घरात शिरला, मी मागाहून. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने फीत बघितली आणि ती जागच्या जागी खाली बसली.

तो तिच्या साडीचा काठ होता. रूथीच्या कबरीवर लावलेलं रोप सरळ वाढावं म्हणून तिने काठीला बांधलेला.

बाबांनी कमरेचा पट्टा काढला. कोण कोण होतं, विचारलं.

"मी एकटाच," दादा म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी गप्प राहिले. आठ वर्षांची होते, हे कारण मी आयुष्यभर वापरलं.

दोन फटके बसले. तिसऱ्याला आईने बाबांचा हात धरला.

"तीन वर्षं बाहेर उभी होती ती," आई म्हणाली. "आज घरात राहू द्या."

झाड बादलीत उभं केलं. बाबा कापूस घेऊन पुढे झाले. दुसरं काय करावं हे त्यांना सुचलं नसावं.

"कापूस नको," आई म्हणाली. "तिच्या नाकात घातला होता."

बाबांनी कापूस खाली ठेवला. आजीने एकेक करून लोंब्या बांधल्या. मोहाचं नाव काढलं नाही.

पुढे दादाच्या स्वतःच्या घरात दर डिसेंबरला भांडण. वहिनी म्हणायची, निदान प्लॅस्टिकचं तरी झाड आणा. तो ऐकायचा नाही. दारावर लोंब्या बांधायचा, बस.

मी नागपूरला कॉलेज केलेली, तोंडावर खरं बोलणारी म्हणून नावाजलेली. आईच्या शेवटच्या दुखण्यात तिला सगळं सांगायला निघाले, तर दादा दारात आडवा आला.

"आता कायले? तिनं मला कधीचंच माफ केलं. त्यात तुझंही आलं."

मी ऐकलं. मला ऐकायचंच होतं.

या नाताळला सगळे जमले की सांगायचं, असं ठरवलं होतं मी. आठ दिवस राहिले होते. तेवढेही त्याने दिले नाहीत.

तेव्हा मुलांनो, नातवंडांनो, नीट वाचा. झाड मी निवडलं होतं. उद्या किस्सा सांगणार असाल तर पूर्ण सांगा. आणि येताना फुलं नकोत, धानाच्या लोंब्या आणा.

दादा, रूथी भेटली तर तिला सांग, फीत मला आवडली होती.

नीट जा.