स्टेबल म्हणले का नॉर्मल?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलणं. तेवढ्यात शेजारीण आली. "काकू, मामंजी स्टेबल हायेत म्हणं. दवाखान्यातून फोन आला."

माझ्या बायकोनं हातातली शेंग खाली ठेवली. "स्टेबल म्हणले का नॉर्मल?"

"एकच की ते!"

"एकच न्हाई, बाई. घरी बसू नको. जा."

हे तिचं नेहमीचं. लातूरच्या एका दवाखान्यात ती सव्वीस वर्षं वॉर्डातली मावशी होती. झाडू, फरशी, बेडपॅन. शाळेचं तोंड पाहिलं नाही. मी तरी कुठं, चौथी; मोंढ्यात पोती उचलली. पण इंग्रजीतले हे दोन शब्द तिला पक्के कळायचे. डॉक्टर शब्द बोलून निघून जायचा, ही तिथंच राहायची. मला सांगायची, "बैल चिखलात फसला अन् आणखी रुतंना, ते स्टेबल. भाईर येऊन चरायला लागला, ते नॉर्मल."

तुम्हीही कधी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसला असाल. स्टेबल ऐकलं की माणसं चपला शोधतात. ही त्यांना बोलून अडवायची नाही. मुकाट चटई आणून समोर टाकायची. चटई टाकली की माणूस समजायचा, थांबायचा.

एकदा जळकोटचा एक बाप पोरीचं स्टेबल ऐकून पेढेच घेऊन आला. हिनं पुडा हिसकावून कपाटावर ठेवला.

"मावशे, तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझा बाप स्टेबलच गेला," ही म्हणली.

पोरगी नवव्या दिवशी चालत घरी निघाली, तेव्हा हिनंच पुडा काढला. पेढ्यांना वास सुटलेला. तरी दोन खाल्ले, आणि दोन दिवस पोट धरून बसली.

शेंगा सोलल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला दम लागला. त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला बाहेर म्हणाला, "स्टेबल आहेत." मी आत गेलो.

"काय म्हणले?"

"नॉर्मल," मी म्हणलो.

तिच्याशी खोटं कधी बोललो नाही असं नाही. एवढं मोठं नव्हतो बोललो.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणली, "मग इथं काय करायलात? घरी जा. जेवा."

थांबलो असतो तर खोटं उघडं पडलं असतं. म्हणून निघालो. तिला कळलं होतं का, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी भाकर खाता खाता मला माझंच खोटं खरं वाटायला लागलं. झोपही चांगली लागली. ती पहाटे गेली. फोन आले असतील. मला कमी ऐकू येतं.

सकाळी मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, आणि नाक्यावरच्या रिक्षावाल्याला म्हणलो, "येताना आम्ही दोघं असू. हळू घे."