टाकीवरचा हिरवा पडदा

माझ्या गोल्डफिशच्या टाकीवर शेवाळाने पुन्हा हिरवा पडदा पाडला होता. बायको म्हणाली, "अहो, खिडकीतून हलवा ती टाकी! ऊन खाऊन माजलंय ते शेवाळ."

खरं होतं तिचं. पण ज्या उन्हाने काच हिरवी होते, त्याच उन्हात मासा सोन्यासारखा झळाळतो. ऊन हवं असेल, तर घासणंही आलंच. मी बाह्या सरसावल्या, जुना टूथब्रश तलवारीसारखा उपसला आणि घासत सुटलो. हळूहळू पडदा उघडला, ऊन आत शिरलं आणि मासा नटासारखा ऐटीत पुढे आला. वळून पाहतो तर बायको चहाचा कप घेऊन पहिल्या रांगेत!

"मग, हलवू टाकी आतल्या खोलीत?"

"गप्प बसा," ती म्हणाली, "डावा कोपरा राहिलाय."