स्कॅनएफ आणि आमचे पाच एकर

सी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला मी एकदा नापास झाले होते, आणि तेही अख्ख्या लॅबसमोर. विष्णुपुरीच्या कॉलेजातली गोष्ट. गट नंबर आणि जमीन विचारायची, बियाणं किती लागेल ते सांगायचं, मग पुढच्या गटाकडं वळायचं, एवढाच माझा प्रोग्रॅम. सरांनी जमिनीपुढं १.२० टाइप केलं आणि घात झाला! स्क्रीन थांबेचना. ‘गट नंबर? जमीन? गट नंबर? जमीन?’ उत्तराची वाटही न बघता धडाधड ओळी. सर म्हणाले, “बंद कर आधी ते.”

चूक माझीच. आपण टाइप केलेलं उचलून आत नेतो तो स्कॅनएफ. कसला आकडा येणार हे त्याला आधी सांगावं लागतं. परसेंट-डी म्हटलं की तो पूर्णांकच घेतो, परसेंट-एफ म्हटलं की पॉइंटवाला. मी सगळीकडं परसेंट-डी ठोकलं होतं. त्यानं एक उचलला, पॉइंट दिसताच थांबला, आणि उरलेलं .२० दारातच पडून राहिलं. पुढचा प्रत्येक परसेंट-डी त्याच पॉइंटला अडखळायचा नि हात हलवत परत. आता पुन्हा नापास झाले असते तर वर्ष जाणार होतं. मैत्रिणी पुढं आणि मी तिथंच! नुसत्या विचारानं माझं डोकं फिरायचं.

परीक्षेआधी उदगीरजवळच्या आमच्या गावी गेले. जमिनीला परसेंट-एफ लावलं आणि लॅपटॉप वडिलांपुढं ठेवला. अण्णा चौथीत शाळा सोडलेले. “सांगा आपल्या तीन तुकड्यांची जमीन,” मी ऐटीत म्हटलं. त्यांनी वहीतनं वाचलं: १.२०, २.३०, ०.३०. प्रोग्रॅम शहाण्यासारखा थांबत होता, मी खूश! बेरीज आली ३.८०.

अण्णा हसायलाच लागले. “ऐंशी गुंठे? चाळिसाच्या पुढं एकर होतो, माय. पाच एकर हाय आपलं.”

“कॉम्प्युटर चुकत नसतो, अण्णा!” मी तडकले.

“त्यो न्हाई, तू चुकायलीस. पॉइंटच्या अल्याड एकर, पल्याड गुंठे. दीड, पावणेतीन आन पाऊण. कर बेरीज.”

पाच! माझ्या हिशोबानं पेरलं असतं तर एकराहून जास्त रान बियाण्यावाचून राहिलं असतं. आणि लहानपणापासून गुंठे ऐकत वाढलेली मी, चार बुकं शिकून तेच विसरले होते. अरे, हा पॉइंटवाला आकडा नव्हताच! दोन पूर्णांक, मधे नुसता ठिपका. म्हणजे परसेंट-डी, पॉइंट, पुन्हा परसेंट-डी. असं लिहून दिलं की स्कॅनएफ तो ठिपका ओलांडून पुढं जातो. एकरी बियाणं साडेतीस किलो, ते मात्र परसेंट-एफनंच. एकाच ओळीत सगळे नांदायला लागले! पाच एकर शून्य गुंठे आल्यावर मी अशी ओरडले, की आई चुलीवरची भाकरी सोडून बाहेर आली. चाळीस किंवा जास्त गुंठे कुणी टाकले तर दिसावं म्हणून मी गमतीत अण्णांचंच वाक्य आत घालून ठेवलं.

परीक्षेला लातूरहून बाहेरचे सर आले होते. दोन-तीन आकडे बरोबर आले. मग त्यांनी मुद्दाम २.४५ टाकलं. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत उमटलं, ‘चाळिसाच्या पुढं एकर होतो, माय.’ ते काढायचं राहूनच गेलं होतं!

सर ती ओळ मोठ्यानं वाचून एकदम खो खो हसले. “हे कुणी शिकवलं?”

“वडिलांनी. शेती करतात.”

“चांगलं शिकवलंय,” म्हणत त्यांनी मार्क लिहिले.

मी व्हरांड्यातूनच फोन लावला. “अण्णा, पास झाले! तुमच्या चाळीस गुंठ्यांनी पास केलं!”

अण्णा म्हणाले, “चौथीत गणितातच नापास झालतो, माय. म्हणून सोडली शाळा. आज मी बी पास झालो म्हण की.”