स्पॅनिश कवीचं प्रतिमापूजन

सांगतो, पण चहा आधी संपवा. माझ्या फजितीपायी कुणाला ठसका लागायला नको.

शारजात अल नहदाला आमचं मराठी मंडळ आहे. वार्षिक कार्यक्रमात दर वेळी अंताक्षरी. यंदा मी हट्ट धरला, अर्धा तास मला द्या, स्पेनच्या एका कवीवर बोलतो. अध्यक्ष सावंतसाहेब म्हणाले, "मोहिते, फसलं तर खलास. पुन्हा कवीबिवी मागायचा नाही." मी म्हटलं, कबूल.

कवी गेल्या शतकातला. देश सोडावा लागला, परक्या गावातच वारला. नाव सांगत नाही, माझ्यामुळे त्याची पुरेशी शोभा झाली आहे. बावीस वर्षं आखातात काढलेल्या माणसाला तो जवळचा वाटणार नाही तर कुणाला? दोन वर्षं मी डायरीत टिपणं काढली. तो कोणत्या खिडकीशी बसून लिहायचा, तेही मला पाठ.

आता प्रतिमापूजनाशिवाय आपल्याकडे भाषण सुरू होतं का? त्याच्या कवितांच्या इंग्रजी पुस्तकावर, मागच्या बाजूला फोटो होता. दुबईत देरा भागातल्या एका स्टुडिओत मोठा करून घेतला. रंगीत होता, तो काळापांढरा करवला. दिवंगत माणसाला तेच शोभतं.

बायको म्हणाली, "अहो, यांच्या खिशातून मोबाइल डोकावतोय."

"चष्म्याचं घर आहे ते. अभ्यास मी केलाय की तू?"

कार्यक्रमात हार घातला, समई लावली, सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. मग फोटोतल्या डोळ्यांकडे बोट दाखवून वनवासाच्या दुःखावर असा बोललो, की दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले.

पाहुणा म्हणून आमच्या ऑफिसातला मिगेल आणला होता, अस्सल स्पॅनिश. मराठी त्याला कळेना. शेवटी त्याने सावंतसाहेबांना इंग्रजीत विचारलं, हा सत्कार कशाबद्दल? साहेबांनी समजावलं, फोटोला हार म्हणजे माणूस गेलेला. मिगेल पांढराफटक पडला. म्हणाला, हे तर त्या कवितांचे इंग्रजी अनुवादक, माद्रिदमधले माझे शेजारी. शुक्रवारीच बोललो.

मी हटलो नाही. "शक्यच नाही. माझ्या डायरीत नोंद आहे, हे वारलेत."

मिगेलने वाद घातला नाही. नंबर लावला, स्पीकर चालू केला. रिंग वाजू लागली.

सावंतसाहेब हळूच म्हणाले, "मग मोहिते, पुढच्या वर्षी अंताक्षरी ना?"

"पुढच्या वर्षीही हाच कवी. लिहून घ्या."

तेवढ्यात पलीकडून चष्म्याचं घर म्हणालं, "हॅलो?"