मागून हाक

आमच्या आबांना बेत ठरवणं माहीतच नव्हतं. वडिवळ्याची बाकीची माणसं जत्रेला जायचं तर महिनाभर आधीपासून बोलत राहायची. आबा मात्र फाल्गुन-चैत्रात एखाद्या सकाळी दात घासता घासता डोंगराकडे बघायचे, चूळ टाकायचे आणि सरळ बैल सोडायला निघायचे. "सरू, भाकरी बांध," एवढंच. आई कपाळाला हात लावायची आणि भाकरी बांधायला बसायची.

कुठं जायचं ते आबा सांगत नसत, आम्हीही विचारत नसू. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणू नये, मागून हाक मारू नये, हे आमच्याकडे पोराला चालता येण्याआधी कळतं. मग गाडी कधी इंद्रायणीच्या काठी थांबायची, कधी भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी. एकदा तर बैलच अडून बसला म्हणून गावाबाहेरच्या चिंचेखाली भाकरी खाऊन परत आलो, आणि तरी हसून हसून पोट दुखलं.

गावाला हे खपत नसे. चैत्रात मावळात राबाइतकं मोठं काम नाही. पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची, म्हणजे पुढे भाताची रोपं नीट उठतात. "सोपानाचा राब तसाच पडलाय, आन् ह्यो निघाला पोरं मिरवाया," असं माणसं तोंडावर बोलायची. आबा हसायचे. "राब कुटं पळून जातोय? पोरं मातर बगता बगता मोठी व्हत्यात." इतका आनंदी माणूस मी पुढे कधी पाहिला नाही. पुढे आबाही तसे राहिले नाहीत.

मी सात वर्षांची होते, धाकटी रतन चारची. तीस-एकतीस साल असेल. त्या सकाळी आबांनी असंच चूळ टाकून बैल जुंपले आणि गाडी लोहगडवाडीला नेली. वाडीच्या वरच्या चढणीला अंजनी फुलली होती. फांदीच्या सालीलाच निळी फुलं चिकटलेली, जणू कुणी नीळ उधळली होती. रतन आबांच्या खांद्यावर होती. खाली खोऱ्यातून आगगाडी गेली, तर ही म्हणते, "आबा, ती येवडुशी गाडी मला धरून द्या." आबांनी हात लांब करून हवेत मूठ मिटली आणि तिच्या ओंजळीत उघडली. आईसुद्धा हसली. आई सहसा हसत नसे.

दिवेलागणीला परत आलो, तर लस टोचणारा येऊन गेला होता. तो वर्षातून एकदा यायचा. मला आधीच टोचलं होतं. रतनचं मागच्या वर्षी तापामुळे राहिलं होतं.

"उद्या कामशेताला हायती म्हनं," आई म्हणाली. "तितं नेऊन टोचून आनू."

"उद्या न्हाई. वारं पडलंय, उद्या राब भाजून घेतो. समदं गाव बोलतंय. पुढल्या साली टोचू."

तोवरच्या जन्मात पहिल्यांदाच आबांनी गाडी न जुंपता राब धरला. गावाच्या तोंडाला एकदाच भ्यायले आणि नेमके त्या दिवशी. त्या गावाचा मला अजून राग येतो.

महिना झाला नाही तोच गावात देवी आल्या. आमच्या दाराला लिंबाचा डहाळा लागला, चुलीवरची फोडणी बंद झाली. आई रात्रंदिवस लिंबाच्या पाल्याने वारा घालत बसली होती. रतन जगली. पण फोड डोळ्यांत उठले होते. दोन्ही डोळे गेले.

मग एक दिवस शेजारची धोंडामावशी येऊन उंबऱ्याबाहेरच बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. "सरू, मी त्या दिशी दारातच हुबी व्हते गं. टोचनारा येनार म्हून चावडीवर नुकतंच ऐकलं व्हतं. तुमची गाडी निघाली. हाक व्हटावर आली, पन निगाल्या मानसाला मागनं टोकायचं कसं? जीब चावली मी."

आईने तिला पाणी दिलं. मी मात्र तिच्याशी वर्षभर बोलले नाही.

आबांनी कुणालाच दोष दिला नाही, म्हणून तो सगळा त्यांच्यापाशीच राहिला. त्यानंतर गाडी जुंपली ती भाताच्या पोत्यांना नाहीतर बाजाराला. पांगारा फुलला की ते डोंगराकडे पाठ करून बसायचे. राब गावात सगळ्यांच्या आधी आमचाच भाजला जायचा. पाठचा मारुती झाला, मोठा झाला, पण बापाच्या गाडीतून उगाचच हिंडायला जाणं त्याच्या वाट्याला कधीच आलं नाही.

रतन मात्र दर चैत्रात त्याला जवळ बसवून तो दिवस सांगायची. अंजनीची निळी फुलं, येवढुशी आगगाडी, आबांची मिटलेली मूठ. ती सांगायला लागली की आबा उठून गोठ्यात जायचे. मलाही वाटायचं, ही पोरगी खपली कशाला काढते? एकदा मी तिला रागावलेही.

पुढे मी लग्न होऊन तळेगावला गेले. माझी दोन पोरं घेऊन एका चैत्रात माहेरी आले होते. संध्याकाळी रतन ओट्यावर माझ्या पोरांना तोच दिवस सांगू लागली. आबा सवयीने उठले.

"आबा, उठू नगा," रतन म्हणाली. बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. "समदं इसरलं मी. आयचं त्वांडबी नीट आठवत न्हाई. त्यो येकच दिस डोळ्यांम्होरं ऱ्हायलाय. तुमी उठून गेला की वाटतं, त्यो दिस चोरीचा हाय. माजा हाय त्यो. तुमीच दिलाय."

आबा उभेच राहिले. मग खाली बसले आणि पदर नसलेल्या माणसाने रडावं कसं हे न कळून धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडले. आईने त्यांना उगी केलं नाही. रतन पुढचं सांगत राहिली, आगगाडीपर्यंत, मुठीपर्यंत.

सकाळी मी चुलीपाशी होते. आबांनी चूळ टाकली.

"सरू, भाकरी बांध."

आईच्या हातून तवा निसटला. कुणी काही विचारलं नाही. मारुतीने बैल जुंपले. माझी पोरं पुढे बसली, रतन मध्ये, आई आणि मी मागे. आबांनी कासरा धरला. गाडी धोंडामावशीच्या दारावरून गेली. म्हातारी काठीला टेकून उभी होती. गाडी दहा-बारा हात पुढे गेली असेल, तोच मागून हाक आली.

"सोपाना! कुटं निगाला रं?"

आईने माझा हात गच्च धरला. आबांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि मागे वळून म्हातारीकडे बघितलं.

"लोहगडवाडीला, मावशी."

"पोरांना टोचलंय का?"

मी दोघांच्या बाह्या वर करून दंड दाखवले. म्हातारीला इतक्या लांबून काही दिसत नसणार. तरी ती बराच वेळ बघत राहिली.

"मंग जा," ती म्हणाली.