जनाज्याला कुणीच बोललं नव्हतं

मजीद शिंप्याला मातीत ठेवण्याआधी त्याचा चुलतभाऊ अहमद मोठ्यानं म्हणाला होता, "मयताकडं कुणाचं येणं असेल तर आत्ताच सांगा, आम्ही फेडू." रीतच आहे ती. कर्ज राहिलं तर मेलेल्याचा जीव अडकतो. कुणीच बोललं नाही. खांदा देऊन परतलेल्या, मजीदच्या ओळखीतल्या झहूरला मजीदच्या बायकोनं, मुमताजनं, चहासुद्धा पाठवला होता.

ते मे महिन्यात. आता ऑगस्ट, कुवेतभर इराकी फौज, दिनाराला कुणी विचारत नाही, अहमद कधीच मुलखाला गेलेला. उद्या सकाळी मुमताज दोन पोरींना घेऊन गावी परतायला अम्मानच्या बसमध्ये बसणार, तर जलीब वस्तीतल्या तिच्या खोलीच्या दारात झहूर उभा! दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय.

"भाबी, मजीदनं दुकानासाठी दोनशे दिनार घेतलेले माझ्याकडनं. हातातल्या सोन्याच्या बांगड्या द्या, फिटलं म्हणीन."

"जनाज्याला तर तुमी होतात."

"तेव्हा तोंड उघडायला शरम वाटली."

इथंच मुमताज अडली. खरंच शरम वाटली असेल तर? मजीद उधारीचं घरात कधी बोलत नसे. बांगड्या दिल्या तर गावी पोरींसाठी लोकांपुढं हात पसरायचा. नाही दिल्या तर नवरा तिकडं अडकायचा.

"कुणासमोर दिलेत?"

"साक्षीला होता तो मुंबईला गेला."

"मग कुराणावर हात ठेवा. आत्ता काढून देते."

झहूर चुळबुळला. "मला वजू नाही."

"हातपाय धुवायला मोरीत पाणी हाय. करा."

"उद्या येतो," म्हणून गडी जिना उतरला.

"पीडा टळली," शेजारची शर्मिला नर्स म्हणाली. मुमताजला मात्र चैन पडेना. खरी माणसंही शपथेला भितात. सकाळी निघताना तिनं एक बांगडी शर्मिलाच्या हातात ठेवली. शर्मिला पेशंट सोडून जाणार नव्हती. "शपथ घेईल तर द्या त्याला. उरलेलं गावाहून फेडीन म्हणावं." भोळी म्हणा नाहीतर वेडी, मी तिला हसणार नाही.

पुढच्या वर्षी, कुवेत सुटल्यावर, शर्मिला रजेवर आली आणि वाट वाकडी करून मुमताजच्या गावी, दाभोळला गेली. रुमालातली बांगडी तिनं मुमताजपुढं ठेवली.

"झहूर रस्त्यात दोनदा भेटला. मीच म्हटलं, शपथ घे आणि घेऊन जा. आला नाही."

मुमताजनं बांगडीला हात लावला नाही. पदरात तोंड खुपसून ती रडायला लागली.

"अगं, आता कशाला रडतेस? सुटला ना मजीद!"

"तो कधी अडकलाच नव्हता," मुमताज म्हणाली. "मीच वर्षभर त्याच्यावर शक घेतला."