गळ्यातला गळ

जपानमधल्या उरायासु शहरातल्या आमच्या सार्वजनिक स्नानगृहात अंगावर काहीही ठेवायचं नाही, असा नियम आहे. तो मोडणाऱ्या आम्ही दोघीच. दर बुधवारी दुपारी मंगळसूत्रासकट पाण्यात बसणारी मी, आणि गळ्यात हिरव्या दगडातून कोरलेला मासे धरायचा गळ घालणारी ती न्यूझीलंडची माओरी बाई. वयाने माझ्या मावशीएवढी. पाण्यात उतरण्याआधी ती वाकून तो गळ तेवढा बुडवते आणि मग स्वतः उतरते. पाणी फार कढत नाही ना, हे जणू त्यालाच विचारून घेते.

शेवटी मी इंग्रजीत विचारलंच, "हा कुठे विकत मिळतो?"

तिने भुवया उंचावल्या. "स्वतःसाठी स्वतः घ्यायचा नसतो. कुणीतरी द्यावा लागतो. समुद्र ओलांडणारा माणूस सुखरूप राहावा, असा याचा अर्थ. मी जपानला निघाले तेव्हा आत्याने स्वतःच्या गळ्यातला काढून मला घातला." मग माझ्या काळ्या मण्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि याचा अर्थ?"

"नवरा सुखरूप राहावा."

"छान. मग तू सुखरूप राहावीस म्हणून तो काय घालतो?"

मी नाकापर्यंत पाण्यात गेले. तिथून उत्तर देता येत नाही.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला, तेव्हा मी दारातच त्याचा गळा तपासला. कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं. त्यावर फोटोही त्याचाच.